परत आलेला बाँब

आमच्या घरात एक खोली अशी आहे, की तिच्या छताला काहीच नाही. पंखा नाही, दिव्याची वायर नाही. पाळण्यासाठी एक हूक होता, तो माझ्या सासऱ्यांनी कानशीने घासून घासून काढून टाकला. मे महिन्यात बऱ्हाणपूर कसं तापतं ते ज्यांना माहीत आहे, त्यांना आणखी काही सांगायला नको. दुपारी भिंतीला पाठ टेकवली की चटका बसतो, आणि आमचे आबा त्या खोलीत कोपऱ्यात टेबलफॅन लावून, मान पुसत पुसत पेपर वाचत बसतात. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, म्हातारा चिक्कू आहे. मग दिसलं की चिक्कू असते तर परवडलं असतं. चिक्कू माणसाचं काय ते एकदा कळतं.

आबा कुठेही बसण्याआधी वर बघतात. लग्नाच्या मांडवात झुंबराखालची खुर्ची सोडून उन्हात जाऊन बसतात. बाजारात केळीवाल्याच्या दोरीला घड टांगलेले असतात, तिथे आत पाऊल टाकत नाहीत. रस्त्यावर उभे राहून "इकडंच दे बापा" म्हणतात. केळीवाला हसतो. मीही हसायचे. नव्या सुनेला हसायला काहीतरी लागतंच.

त्यांचं नाव पंडित महाजन. सिंधीपुऱ्यात शिलाई मशीन दुरुस्तीचं त्यांचं छोटं दुकान आहे. आबांचा हात लागला की मशीन पुन्हा कुरकुरत नाही, असं गल्लीतल्या बायका सांगतात. त्याआधी ते विमानदलात होते, बाँबफेकी विमानांवर, आणि हे गावात सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे दुकानात नवं माणूस आलं की हमखास विचारतं, "चाचा, पाकिस्तान पे कितने बम गिराए?"

"एकही नाही," आबा म्हणतात. "मैं तो सिर्फ चढाता था."

माणसाचा विरस होतो. ते भरती झाले तेव्हा लढाई होऊन गेलेली होती, आणि पुढची त्यांच्या नोकरीत आली नाही. सरावासाठी वाळवंटात टाकायचे बाँब तेवढे त्यांनी विमानाच्या पोटात चढवले. एवढं साधं आयुष्य असून माणूस छताला का घाबरतो, हे मी नवऱ्याला विचारलं. रितेश म्हणाला, "पप्पा का ऐसाही है, तृप्ती. लोड नको घेऊ." आमच्या घरात अवघड प्रश्नाला हिंदीत उत्तर मिळतं.

छताचं मी सोडून दिलं असतं. मला लागलं ते वेगळं होतं. मी शाळेत शिकवते. लग्नानंतर पहिल्या दिवशी कामाला निघाले, पर्स खांद्याला लावली आणि म्हणाले, "येते मी." सासूबाई, कोकिळाबाई, स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "ये गं." आबा दारातच बसले होते. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं आणि कॅलेंडर सरळ करायला लागले. कॅलेंडर सरळच होतं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. आपल्याकडे वैऱ्यालाही निघताना कुणी "जा" म्हणत नाही, "या" म्हणतं. आणि घरच्या सुनेला हा माणूस एक अक्षर देत नव्हता. मी मनातल्या मनात त्यांना काय काय म्हटलं ते इथे लिहिता येणार नाही.

मग माझी बदली डोईफोडियाला झाली. घरी सांगितलं तेव्हा आबांच्या हातातला स्क्रूचा पेचकस खाली पडला. "दुसरं गाव नाही भेटत?" त्यांनी विचारलं. मला वाटलं, अंतराची काळजी करताहेत. जंगलाच्या कडेचं गाव, बस खकनारवरून जाते, पावसाळ्यात वेळेचा भरवसा नाही. मला उगीच बरंही वाटलं. एवढ्या दिवसांत त्यांनी माझ्यासाठी काही विचारलं ते तेवढंच.

डोईफोडियाच्या शाळेला लागून सरुबाई नावाची म्हातारी एकटी राहायची. बसची वाट पाहायला मी तिच्या ओट्यावर बसायचे. ती पाणी द्यायची, हरभरे द्यायची, आणि बोलायची. सरुबाई बोलायला लागली की तिला फक्त बसच थांबवू शकायची. पण बस दिसली, मी उठले आणि "येते आजी" म्हटलं, की ती झटकन उठून आत जायची. ये नाही, बरं नाही, मान हलवणं नाही. आत अंधारात भांडी वाजवत बसायची. एका माणसाने तोंड फिरवलं तर तो त्याचा स्वभाव. दोघांनी फिरवल्यावर मला वाटायला लागलं, माझ्यातच काही खोट आहे.

गेल्या हिवाळ्यात सासूबाई गेल्या. साधा ताप म्हणता म्हणता गेल्या. घरातून निघताना आम्ही ज्यांच्या तोंडून "ये" ऐकायचो त्या कोकिळाबाईच नाहीत, हे दिवसकार्य होईपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही. नंतर मी रोज रिकाम्या स्वयंपाकघराला "येते" म्हणून निघायला लागले. एकदा रितेश कामासाठी सुरतला निघाला. बॅग उचलली, "येतो" म्हणाला आणि उंबऱ्यावर थांबला. खुळ्यासारखा थांबला. कान आत लावून. आबा भिंतीकडे बघत होते. मी "ये" म्हटलं, पण त्याला ते हवं नव्हतं. तो गेला आणि माझा तोल सुटला.

"आबा, तुमचा मुलगा उंबऱ्यावर उभा होता," मी म्हणाले. "त्याची आई गेली आहे. एक शब्द लागत होता. तोही एका अक्षराचा. तेवढंही तुमच्याकडे नाही?"

मी सासऱ्यांशी असं कधी बोलले नव्हते. ते चिडतील असं वाटलं. ते उठले, मला त्या छताला काही नसलेल्या खोलीत घेऊन गेले आणि म्हणाले, "बैस. तुले सांगतो. कोकिळाले सांगितलं नई, तुले सांगतो."

भरतीच्या मैदानावर त्यांना निंबा भेटला होता. डोईफोडियाचा. ठेंगणा, जाड, सतत काहीतरी गुणगुणणारा. गाव एका बाजूचं, बोली एक, म्हणून दोघं रांगेत मागेपुढे उभे राहिले आणि पुढे नोकरीभर तसेच राहिले. दोघांनाही शस्त्रविभागात घातलं, दोघंही उत्तरेकडच्या एकाच तळावर गेले, एकाच विमानावर लागले. बाँब ठेवायच्या कप्प्याला तिथे सगळे "बे" म्हणायचे. हे दोघं आपसांत "पोट" म्हणायचे.

ते पोट आबांनी मला हाताने हवेत काढून दाखवलं. विमानाच्या खाली, लांबट, दोन दारांचं. दारं तेलाच्या दाबाने उघडायची, उघडताना लांब सुस्कारा टाकायची. खाली उभं राहिलं की माणूस कमरेपासून वर आत आणि पाय बाहेर. आत तेलाचा आणि तापलेल्या रंगाचा वास. बाँब बुटक्या गाड्यावर यायचा, हाताने फिरवायच्या यंत्राने वर चढवायचा, हुकात बसवायचा, मग दोन्ही बाजूंनी लोखंडी हात आवळायचे, म्हणजे तो उडताना डुलत नाही. निंबा तेव्हा आत गात असायचा. पोटात आवाज घुमतो, म्हणायचा. इथं गायलं तर मीसुद्धा गवई वाटतो. शेवटी लाल फडकं बांधलेल्या सुरक्षेच्या पिना काढायच्या, वैमानिकाला दाखवायच्या. आणि दारं लागण्याआधी एकाने प्रत्येक बाँबला हात लावून, हलवून बघायचं, की कुणी ढिला नाही ना. हे काम आबांचं होतं.

पहिल्यांदा त्यांनी भरलेलं विमान निघालं तेव्हा आबा अगदी तरणे होते. शेवटच्या बाँबला हात लावला, बाहेर यायला वाकले, आणि तोंडातून निघून गेलं, "ये."

"घरून कोनी निघालं का आपुन म्हनतोच ना," आबा मला सांगत होते. "सवयीनं निघालं. निंबा आतमंदीच हासायले लागला. हासता हासता त्याले उचकी लागली. म्हने, अरे पंडित, बाँबले ये म्हनतं का कोनी? तो खरंच आला मंग?"

आबांनी त्याला सांगितलं, बाँबाला नाही, विमानाला म्हटलं. आतल्या माणसांना म्हटलं. विमान सुखरूप आलं. मग दुसऱ्या वेळी निंबाच म्हणाला, म्हण रे ते तुझं. मग ती पद्धतच पडली. मराठी न येणारे वैमानिकसुद्धा शिडीवर पाय ठेवताना विचारायचे, "पंडित, बोला क्या?" आणि आबा सांगायचे, बोला साब. कितीतरी वर्षं हे चाललं. माणसं येत राहिली. बाँब जात राहिले.

एक दिवस सरावाला गेलेलं विमान एक बाँब पोटात घेऊन परत आलं. बाकीचे पडले, हा पडला नाही. असं कधी कधी होतं, त्याची रीत ठरलेली असते. विमान दूर एका टोकाला उभं करायचं, सगळ्यांना लांब न्यायचं, आणि दोन माणसांनी जायचं. आबा आणि निंबा गेले. दारं थोडी उघडायची, बॅटरीने बघायचं, बाँब हुकात घट्ट असेल तर पिना लावायच्या. निंबा ठेंगणा, त्याला वाकावं लागायचं नाही, म्हणून नेहमी तोच पहिला खाली जायचा. दाराने सुस्कारा टाकला. निंबा गुणगुणत होता. बाँब हुकात नव्हता. तो केव्हाच सुटून दारावर येऊन बसलेला होता.

"फुटला नई," आबा म्हणाले. "सगळ्याइले वाटते फुटला असंन. फुटला नई. नुस्ता पडला."

ते पुढे बोलत राहिले, हळू, मशीनच्या दुखण्याबद्दल बोलतात तसं. चौकशी झाली. हूक थकला होता, कुणाची चूक नाही, असं ठरलं. "मी साहेबाले सांगितलं नई का त्या सकाळी मी त्या बाँबावर हात ठेवून ये म्हनलो व्हतो. कोन मानलं असतं? शब्द विमानाले व्हता, बेटा. पन हात त्याच्यावर व्हता. त्यानं ऐकलं अन् तो आला."

त्यानंतर त्यांनी तो शब्द कुणालाच दिला नाही. रितेश शिकायला इंदूरला गेला तेव्हा नाही, बायकोला घेऊन गाडी शेवटची दवाखान्याकडे निघाली तेव्हाही नाही. आणि मी त्यांना शब्दाचे चिक्कू समजत होते. मला माझी लाज वाटली.

"अजून एक हाय," ते म्हणाले. "दुकानाचं शटर वर जाते ना, तं मले आतून त्याचं गुनगुननं ऐकू येते. रोज. शटर पुरं वर गेलं का बंद."

मी विचारलं, "मग रोज कशाला उघडता दुकान? आता गरज काय आहे?"

"तेवढंच ऐकू येते," आबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शाळेत माझं लक्ष नव्हतं; डोईफोडियाचा निंबा डोक्यातून जात नव्हता. सुटल्यावर ओट्यावर बसले आणि सरुबाईला विचारलं, "आजी, तुमच्या मालकांचं नाव काय होतं?" जुनी बाई, नवऱ्याचं नाव घेईना. तिने अंगणातल्या कडुनिंबाकडे बोट दाखवलं. मी विचारलं, "निंबा?" ती लाजली. एवढी म्हातारी, तोंडात दात नाहीत, आणि लाजली.

मग तिने सांगितलं. लग्नानंतरची पहिली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, दोन दिवसांवर आली होती, अंगणातल्या झाडाला झोका बांधून झाला होता, आणि निंबाची सुट्टी संपली. ती म्हणाली, दोन दिवस थांब. तो म्हणाला, सरकार थांबू देत नाही. सकाळी तो निघाला तेव्हा ती चुलीपाशी होती. तो म्हणाला, "येतो." ती वळली नाही. म्हणाली, "जाय. जाय एकदाचा."

"त्याचे बूट वाजले नई," सरुबाई सांगत होती. "मतलब तो उभाच व्हता दारात. वाट पाहू राहिला व्हता. मले समजू राहिलं व्हतं. म्या पाहिलंच नई मागं. मंग बूट वाजले. अन् मंग पेटीच आली. पेटी उघडू नई दिली कोनी. त्याचं शेवटचं तोंड म्या चुलीकडं पाहून घालवलं."

म्हणून ती कुणी निघालं की आत पळत होती. तोंडातून काय निघेल याचा तिला भरवसा नव्हता. "डाक्टर म्हनते, दिल वाढलं," ती म्हणाली. "मले मरनाचं भेव नई, म्याडम. पन तिथं तो भेटीन. त्याच्यासमोर कोनत्या तोंडानं जाऊ, तेचं भेव वाटते."

बस आली, मी बसले आणि खकनार येईपर्यंत रडले. मग डोळे पुसले आणि मास्तरणीसारखा विचार करायला लागले. एक बाई म्हणते, मी जा म्हटलं म्हणून गेला. एक माणूस म्हणतो, मी ये म्हटलं म्हणून बाँब आला. दोघांना एकमेकांचं ठाऊक नाही; ठाऊक आहे ते फक्त मला. आबांनी तिला आपलं सांगितलं तर म्हातारी मोकळी होईल, भीती न धरता जाईल. किती सोपं आहे, असं मला वाटलं. गणित शिकवणाऱ्या बाईला सगळंच सोपं वाटतं.

मी आबांना सांगितलं तेव्हा ते जेवत होते. त्यांनी ताट सरकवलं. "तिच्यासमोर जाऊन काय सांगू? का तुह्या नवऱ्याले म्या बोलावून मारलं?" पेटीबरोबर ते डोईफोडियाला गेले होते, त्यानंतर त्या बाजूला फिरकले नव्हते. ते माझ्याशी कितीतरी दिवस बोलले नाहीत. मी येते म्हणायचे, ते कॅलेंडर सरळ करायचे.

उन्हाळा लागला आणि सरुबाईने अंथरूण धरलं. शेजारची मालूबाई तिला पेज भरवायची. शाळा सुटल्यावर मी खाटेशी बसायचे. ती झोपेत दाराकडे हात करायची आणि घाबरून जागी व्हायची. एक दिवस मी घरी येऊन एवढंच म्हणाले, "आजी आता उठत नाही, आबा." त्या रविवारी मी चहा ठेवायला उठले तर आबा इस्त्रीचा शर्ट घालून दारात बसले होते. केस विंचरलेले, पायात बूट.

बसमध्ये ते खिडकीशी बसले. केळीच्या बागा गेल्या, कापसाची उघडी रानं गेली, सागाचं जंगल सुरू झालं. डोईफोडियाला उतरल्यावर त्यांनी मला रस्ता विचारला नाही. सरळ त्या कडुनिंबाखाली जाऊन उभे राहिले आणि मला वाटलं, आता इथूनच परत फिरतील. मग बूट काढले आणि आत गेले.

सरुबाईची खाट आढ्याखाली होती. आढ्याला बियाण्यासाठी ठेवलेली मक्याची कणसं टांगलेली होती, दोन भले मोठे झुपके, बरोबर खाटेवर. आबांनी वर बघितलं. मी त्यांच्या मानेवरची शीर ताणलेली पाहिली. खोलीत दुसरी जागा होती, दाराशी पाटही होता. ते त्या कणसांखालीच, खाटेच्या कडेला बसले.

"वहिनी, पंडित," ते म्हणाले. "सिंधीपुऱ्याचा."

म्हातारीने डोळे बारीक केले. "पेटीसंगं तुमीच व्हते. लय वाळले, भाऊ."

"हाव."

"मंग कधी आलेच नई."

"हिंमत नई झाली, वहिनी."

आणि त्यांनी सांगितलं. मला सांगितलं त्याहून कमी शब्दांत सांगितलं, पण काही गाळलं नाही. निंबाचं हसणं सांगितलं, उचकी सांगितली, वैमानिकांचं विचारणं सांगितलं. हात कुठे होता ते सांगितलं. सांगताना तळवा तसाच हवेत धरला, एखाद्या गोल, थंड वस्तूवर टेकवल्यासारखा. सरुबाई डोळे मिटून ऐकत होती. मालूबाई दारात चहाचे कप घेऊन तशीच थांबली.

सरुबाई म्हणाली, "मंग म्या जाय म्हनलं, त्याच्यानं काई झालं नई?"

"काई नई, वहिनी. तुमी राग केला, घरात राग व्हतेच. ते माह्या म्हनन्यानं झालं."

झालं, सुटली बिचारी, असं मनात म्हटलं. तेवढ्यात सरुबाईने डोळे उघडले. वर्गात, गावात, घरात मी रागावलेली माणसं पुष्कळ पाहिली आहेत, पण त्या म्हातारीच्या डोळ्यांतला राग मी कुठे पाहिला नाही.

"तुमी कोन व्हता असं म्हननारे?" ती म्हणाली.

आबांनी चमकून तिच्याकडे पाहिलं.

"इतके वरीस मी त्याच्यासंगं रोज भांडू राहिली. चुलीपाशी बसली का त्याले म्हनते, म्या जाय म्हनलं तं तू गेला कसा? घडीभर अजून उभा राहिला असता तं काय झालं असतं? तो म्हनते, तू मागं पाहिलं का? मी म्हनते, तू हाक मारली का? असं चालते आमचं. त्याच्यावर दिस गेले माहे. पोर नई, सोर नई, त्याचा एक फोटो नई धड. आता तुमी येऊन म्हनता, तुह्या जायचा काई संबंधच नई, तो आमच्या लोखंडाखाली असाच गेला. मंग मी त्याच्यासमोर जाऊन बोलू काय? मले बोलायले काय ठेवलं तुमी?"

तिला धाप लागली. मी पाणी द्यायला पुढे झाले, तिने हाताने बाजूला सारलं.

"पण आजी, तुम्हालाच तर भीती वाटत होती," मी म्हणाले. माझा आवाज मलाच बालिश वाटला.

"वाटते तं वाटू दे, पोरी. भांडायच्या आदी वाटतेच." मग ती आबांकडे वळली आणि तिचा आवाज उतरला. "तेवढं माह्यं राहू द्या, भाऊ."

आबांनी खाली पाहिलं. त्यांचा तळवा अजून हवेतच होता. तो त्यांनी सावकाश मांडीवर ठेवला. ज्या गोष्टीने त्यांच्या आयुष्यभराची झोप गेली, ती घेऊन ते इथवर आले होते, आणि या बाईला ती नको होती.

"राहू द्या, वहिनी," ते म्हणाले. "तुमचंच खरं. तुमी जाय म्हनलं, म्हनून गेला तो."

मला त्यांचा असा राग आला की मी उठून उभी राहिले. मरणाऱ्या बाईला कुणी असं म्हणतं? पण सरुबाईचा चेहरा पाहिला आणि पुन्हा बसले. ती शांत झाली होती. हट्टी पोराला हवं ते मिळाल्यावर ते जसं गप्प पडून राहतं, तशी उशीवर पडून होती. मालूबाईने चहा दिला. म्हातारीने बशीतून दोन घोट घेतले, आबांनी कप संपवला. बाहेर बसचा हॉर्न ऐकू आला. आबा खाटेच्या कडेला हात टेकून उठले, बूट घालायला दाराशी गेले, आणि तिथेच उभे राहिले. त्यांना काही म्हणायचं नव्हतं, तिलाही काही म्हणायचं नव्हतं; दोघांचीही तीच सवय.

"भाऊ," सरुबाई म्हणाली. खकनारच्या बाजाराला निघालेलं माणूस शेजाऱ्याला विचारतं, तितक्या सहज तिने विचारलं. "त्याच्यासाठी काई निरोप हाय का तुमचा?"

आबांनी चौकट धरली. ड्रायव्हरने पुन्हा हॉर्न वाजवला. मला वाटलं, आता ते तोंड फिरवतील.

"त्याले म्हना," आबा म्हणाले, "पंडित येतो."

म्हातारीने डोळे मिटले.

"घाई नका करू," ती म्हणाली. "आमचं भांडन होऊ द्या आदी."